गळक्या पाइपाशेजारचं एक झाड दिसलं आणि तीस वर्षांनी जगाला ठिबक सिंचन मिळालं

नाशिकची द्राक्षं, सांगोल्याची डाळिंबं, जालन्याची मोसंबी, जळगावची केळी. पीक वेगळं, जमीन वेगळी, बाजार वेगळा. पण यातल्या कुठल्याही बागेत शिरलात की एक गोष्ट सारखीच दिसते. झाडांच्या ओळीने पसरलेली काळी नळी. शेतकरी तिला नुसतं ड्रीप म्हणतो. नळीला ठरलेल्या अंतरावर ड्रीपर असतात आणि त्यातून थेंब थेंब पाणी झाडाच्या मुळाशी पडत राहतं.

आपल्याकडे हे आता इतकं अंगवळणी पडलंय की ही वस्तू कधीतरी कुणाच्या तरी डोक्यातून निघाली असेल, असं मनातही येत नाही. ठिबक म्हटलं की इस्रायल आठवतं, इस्रायलचा अभ्यासदौरा करून आलेले गावातले बागायतदार आठवतात. पण एका माणसाचं नाव घ्यायचं झालं तर ते सिम्खा ब्लास.

आणि गंमत अशी की या माणसाचं निम्मं आयुष्य थेंब मोजण्यात गेलंच नाही. ते गेलं मोठमोठ्या पाइपांतून लांबचं पाणी ओढून आणण्यात. ज्या बारक्या नळीमुळे त्यांचं नाव राहिलं, ती त्यांनी सरकारी खुर्ची सोडून घरी बसल्यावर केली.

तर सुरुवात होते पोलंडमध्ये. २७ नोव्हेंबर १८९७ ला वॉर्सा शहरात एका कर्मठ ज्यू घरात ब्लास यांचा जन्म झाला. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. पोरगा पहिल्यापासून यंत्रांच्या नादाला लागलेला. पुढे इंजिनिअर झाला. त्या काळात पूर्व युरोपातल्या अनेक ज्यू तरुणांच्या डोक्यात एकच विषय होता, पॅलेस्टाइनला जायचं आणि तिथे शेती करायची. ब्लास यांच्याही डोक्यात तेच होतं आणि १९३० मध्ये ते तिकडे पोहोचले.

पॅलेस्टाइन तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. तिथे पिढ्यान् पिढ्या राहणारे अरब शेतकरी होते आणि युरोपातून ज्यूंचे लोंढे येत होते. इंग्रज सरकार विचारत होतं की या भूमीत अजून किती माणसं पोसली जाऊ शकतात? हा प्रश्न वरवर शेतीचा वाटतो, पण होता राजकारणाचा. कारण जमीन किती माणसं पोसेल याचं उत्तर तिथे पाणी किती आहे यावर अडलेलं. म्हणजे एखाद्या इंजिनिअरने जास्तीचं पाणी दाखवलं की जास्तीच्या माणसांना जागा मिळणार. ब्लास यांचं पुढचं सगळं आयुष्य या गणितात गेलं, हे लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी पाणी हा कधीच नुसता पाइप आणि पंपाचा विषय नव्हता.

आता त्या झाडाची गोष्ट.

१९३० च्या दशकाची सुरुवात. एका शेतकऱ्याने ब्लास यांचं लक्ष एका झाडाकडे वेधलं. ओळीतली बाकीची झाडं बेताची, आणि हे एकच झाड दणदणीत वाढलेलं. त्याला कुणी वेगळं पाणी घालत नव्हतं. आजूबाजूची जमीन कोरडीठाक. ब्लास यांनी जवळ जाऊन पाहिलं तर शेजारून गेलेल्या पाइपाचा एक जोड गळत होता. फार नाही, थेंब थेंब. वर जमिनीवर एवढासा ओला डाग. पण जरा खणून बघितलं तर खाली ओल पसरत गेलेली, कांद्याच्या आकाराची. वर निमुळती, मध्ये फुगीर. आणि झाडाची मुळं बरोबर त्या ओल्या कांद्यात शिरलेली.

आपण असतो तर प्लंबर बोलावून जोड घट्ट करून घेतला असता. ब्लास यांना मात्र प्रश्न पडला, एवढ्याशा पाण्यात एवढं झाड वाढतंय, मग बाकीचं पाणी आपण कुणासाठी ओततोय?

हा प्रश्न फळझाडांसाठी का महत्त्वाचा, ते जरा समजून घेऊ. ज्वारी गेली तर एक हंगाम गेला. पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. मोसंबीचं झाड गेलं तर लावल्यापासूनची सगळी वर्षं गेली, आणि पुन्हा लावून फळ हातात यायला आणखी चार-पाच वर्षं. म्हणून फळबागवाला पाण्याच्या बाबतीत कायम टांगणीवर असतो. उत्पन्न कमी आलं तरी चालेल, झाड जगलं पाहिजे, असा त्याचा हिशेब. कमी पावसाच्या मुलखात झाड जगवायला माणसाने काय काय केलं नाही! आपल्याकडे झाडाशेजारी मडकं पुरून ते पाण्याने भरायची पद्धत होती. कच्च्या भाजलेल्या मडक्यातून पाणी झिरपतं आणि मुळांना पुरतं. हल्ली दुष्काळात दवाखान्यातली सलाइनची बाटली झाडाला टांगलेली तुम्ही पाहिली असेल. तत्त्व तेच.

पण मोठ्या बागेत काय व्हायचं? पाट सोडायचा, आळी भरायची, पाणी जिरेपर्यंत थांबायचं. यातलं बरंचसं पाणी झाडाला मिळतच नाही. काही उन्हाने उडतं, काही मुळांच्या खाली निघून जातं, काही तणाच्या कामाला येतं. आणि जे मिळतं तेही चुकीच्या वेळी मिळतं. भरलेल्या आळ्यात पहिले दोन दिवस मुळांना हवाच मिळत नाही, कारण मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या. मग वाफसा येतो, झाड खुशीत असतं. मग माती सुकते आणि झाड ताण सोसत पुढच्या पाळीची वाट बघतं. म्हणजे झाडाचे चांगले दिवस मधलेच. गळक्या पाइपाशेजारचं झाड मात्र कायम वाफशात होतं. त्याच्या दांडगेपणाचं कारण पाणी जास्त मिळणं हे नव्हतंच. पाणी आणि हवा दोन्ही रोज मिळत होतं, एवढंच.

ब्लास यांनी हे पाहिलं, डोक्यात ठेवलं, आणि कामाला लागले. दुसऱ्याच कामाला.

कारण सरळ होतं. थेंब थेंब पाणी द्यायचं तर शेतभर बारीक नळ्या हव्यात. तेव्हा नळी म्हणजे लोखंडाची. महाग, गंजणारी, आणि बारीक भोक पाडलं की दोन दिवसांत बुजणारी. कल्पना होती, पण ती बनवायला लागणारा मालच बाजारात नव्हता. शिवाय ब्लास यांच्यापुढे त्याहून कितीतरी मोठी कामं होती.

१९३७ मध्ये मेकोरोत ही पाणी कंपनी उभी राहिली. ती उभारण्यात पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेले लेव्ही एश्कोल होते आणि पाण्याची तांत्रिक बाजू सांभाळायला ब्लास. दोन वर्षांनी, १९३९ मध्ये, इंग्रजांनी श्वेतपत्रिका काढून ज्यूंच्या येण्यावर पाच वर्षांसाठी ७५ हजारांची मर्यादा घातली. त्याच काळात ब्लास उत्तरेचं पाणी दक्षिणेच्या नेगेव्ह वाळवंटात न्यायचे आराखडे कागदावर मांडत होते. नेगेव्ह म्हणजे किती कोरडं? तिथल्या बीरशेबा शहरात वर्षाला साधारण २०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपण ज्या सोलापूरला दुष्काळी म्हणतो तिथे त्याच्या दुपटीहून जास्त पडतो.

१९४६ च्या ऑक्टोबरमध्ये, ज्यूंच्या योम किप्पूरचा उपवास सुटल्यावर एका रात्रीत नेगेव्हमध्ये ११ नव्या वसाहती उभ्या करण्यात आल्या. उद्देश उघड होता. उद्या फाळणी झाली तर हा भाग आपल्याकडे यावा, म्हणून तिथे माणसं आधीच बसलेली असावीत. माणसं बसली खरी, पण प्यायचं काय? तिथे पाणी पोहोचवायचं काम ब्लास यांच्याकडे आलं. युद्धानंतरचे दिवस. पाइप मिळायची मारामार. तेव्हा जे पाइप मिळाले ते लंडनचे होते असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बफेकीने लागलेल्या आगी विझवायला टाकलेले. युद्ध संपलं, लंडनला त्यांचा उपयोग उरला नाही, आणि ते वाळवंटात येऊन पडले. १९४७ मध्ये त्यांतून नेगेव्हमध्ये पाणी वाहायला लागलं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी फाळणीची योजना मांडली आणि नेगेव्हचा बराचसा भाग ज्यू राष्ट्राच्या वाट्याला दाखवला. त्यात या पाइपलाइनचा वाटा होता असं मानणारे पुष्कळ आहेत.

या ११ वसाहतींपैकी एकीचं नाव हात्झेरिम. ते नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१९४८ मध्ये इस्रायल झालं, युद्ध झालं, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. नव्या राष्ट्राला पाण्याची योजना हवी होती. १९५२ मध्ये त्यासाठी ताहाल नावाची संस्था काढली गेली आणि ब्लास तिचे प्रमुख झाले. मुख्य काम म्हणजे राष्ट्रीय जलवाहिनी. उत्तरेचं पाणी देशाच्या मध्यातून दक्षिणेला न्यायचं.

१९५३ मध्ये कामाला सुरुवात झाली ती जॉर्डन नदीवर, सीरियाच्या सीमेजवळच्या निर्लष्करी पट्ट्यात. सीरियाने हरकत घेतली, संयुक्त राष्ट्रांनी काम थांबवायला सांगितलं, अमेरिकेने मदत रोखून धरली. काम बंद पडलं. पुढे पाणी उचलायची जागा बदलून गालिली सरोवरावर नेली गेली. आता हा बदल कागदावर छोटा वाटेल, पण त्याची किंमत मोठी होती. मूळ जागेवरून पाणी बऱ्यापैकी उताराने आलं असतं. गालिली सरोवर समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून जास्त खाली आहे, म्हणजे थेंब न् थेंब पंपाने वर चढवायचा. आणि सरोवराचं पाणी नदीपेक्षा खारं. फळबागांच्या दृष्टीने ही वाईट बातमी. लिंबूवर्गीय झाडांना क्षार सोसत नाहीत, आणि संत्री हेच तर तिथलं परदेशी चलन कमावणारं पीक.

जॉर्डनच्या पाण्याची वाटणी कशी करायची यावर अमेरिकेचे दूत एरिक जॉन्स्टन १९५३ ते १९५५ या काळात सगळ्या देशांत फेऱ्या मारत होते. त्या बोलण्यांत इस्रायलच्या बाजूने आकडेमोड करणाऱ्यांमध्ये ब्लास होते. तडजोड तांत्रिक पातळीवर जवळपास जुळली होती, राजकीय पातळीवर फिसकटली.

मग १९५६ उजाडलं. जलवाहिनी प्रत्यक्ष बांधायचं काम ताहालकडे न देता मेकोरोतकडे द्यायचं ठरलं. आराखडा आपला आणि बांधणार दुसरेच, हे ब्लास यांना पटलं नाही. माणूस हेकट म्हणून प्रसिद्ध होता. राजीनामा टाकला आणि बाहेर पडले. वय ५८. जी जलवाहिनी त्यांच्या डोक्यात वीसेक वर्षं घोळत होती, ती १९६४ मध्ये सुरू झाली तेव्हा ते त्या यंत्रणेत नव्हते.

कुठल्याही सरकारी खात्यातला वरिष्ठ माणूस अशा वेळी एक तर आठवणी लिहितो किंवा आपल्या जागी आलेल्याच्या चुका काढत बसतो. आठवणी ब्लास यांनीही नंतर लिहिल्या. पण आधी त्यांना ते झाड आठवलं.

एव्हाना जग बदललं होतं. महायुद्धानंतर स्वस्त प्लास्टिक आलं. हवी तितकी बारीक नळी, न गंजणारी, वाकवता येणारी, गुंडाळून खांद्यावर नेता येणारी. तीस वर्षांपूर्वी जो माल नव्हता तो आता दुकानात होता. ब्लास आणि त्यांचा मुलगा येशायाहू यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी प्रयोग सुरू केले.

वाचायला सोपं वाटेल की नळीला भोक पाडलं, झालं ठिबक. पण खरी अडचण तिथेच होती. थेंब थेंब पाणी हवं तर भोक अगदी सुईएवढं हवं. आणि भोक सुईएवढं असलं की वाळूचा एक कण, शेवाळाचा एक धागा, पाण्यातल्या चुन्याचा एक थर, आणि भोक बंद. बंद पडलेला ड्रीपर लांबून दिसत नाही. झाड सुकल्यावर कळतं, तोवर उशीर झालेला असतो. उलट भोक मोठं केलं तर पाणी धो धो वाहणार, आणि ओळीच्या सुरुवातीची झाडं पाण्यात, शेवटची कोरडी.

ब्लास यांनी यावर काढलेला तोडगा पाण्याची नाडी ओळखणाऱ्यालाच सुचू शकतो. त्यांनी भोक बारीक करण्याऐवजी वाट लांब केली. एक बारीक नळी मुख्य नळीभोवती स्क्रूच्या आट्यांसारखी गुंडाळायची. पाणी त्या लांबलचक, वळणावळणाच्या वाटेने जाताना भिंतींना घासत घासत आपला जोर गमावतं आणि तोंडाशी पोहोचेपर्यंत थेंब झालेलं असतं. वाट लांब असल्यामुळे भोक मोठं ठेवता येतं. भोक मोठं असल्यामुळे कण अडकत नाही. आयुष्यभर लांब पाइपलाइनमध्ये घर्षणाने दाब किती पडतो याचं गणित केलेल्या माणसाने तेच गणित उलटं वापरलं. मोठ्या पाइपात जे नुकसान होतं, ते बारक्या पाइपात त्याच्या कामाला आलं. आजचा ड्रीपर फोडून बघा, आत नागमोडी खाचा दिसतील. रूप बदललं, पण लांब वाटेने पाण्याचा जोर मारायची युक्ती तीच.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. थेंबाने पाणी द्यायची कल्पना ब्लास यांचीच पहिली असं नाही. जर्मनीत १८६० च्या दशकात मातीच्या नळ्या जमिनीत पुरून पाणी द्यायचे प्रयोग झाले होते, १९२० च्या दशकात भोकं पाडलेल्या पाइपांचे झाले. आपलं मडकं तर आहेच. पण यातलं काहीही एकरच्या एकर बागेत, प्रत्येक झाडाला सारखं, वर्षानुवर्षं चालेल असं नव्हतं. ते ब्लास यांनी जमवलं. त्यांचं श्रेय तेवढंच आहे, आणि तेवढं पुष्कळ आहे.

लोकांना मात्र पटेना. शेतीच्या जाणकारांनी शंका काढल्या. सगळी जमीन भिजवल्याशिवाय झाडाला पाणी पुरेल कसं? मुळं एवढ्याशा ओल्या जागेत कोंडली जातील, वादळात झाड उपटेल. नळ्या जमिनीत पुरून बघितल्या तर मुळं पाण्याच्या वासाने ड्रीपरच्या तोंडात शिरली आणि ते बंद पडले. त्यामुळे हे चालत नाही असं म्हणणाऱ्यांच्या हातात पुरावाही आला. मग नळी जमिनीवर आणली गेली, आणि ती आजही बहुतेक बागांत जमिनीवरच आहे.

शंकांचं उत्तर मिळालं ते सगळ्यात वाईट जमिनीत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे संशोधक डॅन गोल्डबर्ग यांनी अरावा या रखरखीत पट्ट्यात, खाऱ्या पाण्यावर ठिबकचे प्रयोग केले आणि पिकं जोमात आली. कारण समजून घेण्यासारखं आहे. खारं पाणी पाटाने दिलं की दोन पाळ्यांमध्ये माती सुकते, पाणी उडतं, क्षार मुळांपाशी साठतात. ठिबकमध्ये माती सुकतच नाही. रोज येणारं पाणी क्षारांना ढकलत ढकलत ओल्या कांद्याच्या कडेला नेतं. मुळं मध्ये सुरक्षित, क्षार बाहेर पांढरी रेघ ओढून बसलेले. आपल्याकडेही खाऱ्या विहिरींवरच्या बागांत ही पांढरी कड दिसते. पहिला हलका पाऊस पडला की हेच क्षार परत मुळांकडे वाहून येतात, म्हणून अशा जमिनीत पाऊस आला तरी ड्रीप लगेच बंद करू नये असं सांगितलं जातं.

आता हात्झेरिमकडे येऊ. १९४६ मध्ये एका रात्रीत वसलेली, ब्लास यांच्या पाइपाने पाणी मिळालेली ती वसाहत. तिची जमीन निघाली खारवट. काही म्हणता काही उगवेना. १९५० च्या दशकाच्या शेवटी तर गाव सोडून जावं का, अशी चर्चा तिथल्या लोकांत झाली. ते राहिले. पाण्याने जमीन धुऊन क्षार काढले आणि शेती सुरू केली. पण नुसत्या शेतीवर भागत नव्हतं. हात्झेरिम ही किबुट्झ, म्हणजे सगळ्यांची मालकी एकत्र असलेलं सहकारी गाव. त्यांना गावातल्या लोकांनाच चालवता येईल असा एखादा छोटा कारखाना हवा होता. ब्लास यांना आपला ड्रीपर बनवणारं कुणीतरी हवं होतं.

ऑगस्ट १९६५ मध्ये दोघांचं जमलं. ब्लास पिता-पुत्र आणि हात्झेरिम यांनी मिळून नेताफिम कंपनी काढली. थेंबासाठीच्या हिब्रू शब्दावरून तिचं नाव आलं. पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. ब्लास तेव्हा ६८ वर्षांचे झाले होते. ज्या गावाला त्यांनी एके काळी दूरवरून पाणी आणून दिलं, त्याच गावाने त्यांची थेंब मोजणारी नळी जगाला विकली.

सुरुवातीला ही महाग नळी फळबागांनाच परवडली, आणि त्यातही गंमत आहे. गव्हासारख्या पिकात रोपाला रोप लागून असतं, शेतभर नळ्याच नळ्या लागणार. फळझाडं मात्र दहा-पंधरा फुटांवर. एका ओळीला एक लॅटरल, एका झाडाला दोन-चार ड्रीपर, भागलं. ताशी ४ किंवा ८ लिटर सोडणारे ड्रीपर झाडाच्या वयाप्रमाणे वाढवत जायचे. रोप लहान असताना खोडापासून वीतभर, झाड मोठं झालं की फांद्यांच्या सावलीच्या कडेकडे सरकवायचे, कारण पाणी पिणारी मुळं खोडाला चिकटून नसतात. ओल्या कांद्याचा आकारही जमिनीप्रमाणे बदलतो. रेताड जमिनीत पाणी सरळ खाली जातं, कांदा लांबुळका होतो, म्हणून ड्रीपर जवळ जवळ. आपल्या काळ्या जमिनीत तो आडवा पसरतो, ड्रीपर लांब ठेवले तरी चालतात. पुढे पाण्यातूनच विद्राव्य खत द्यायची सोय आली आणि बागेचा सगळा कारभारच बदलला.

ब्लास यांनी १९७३ मध्ये आपलं आत्मचरित्र प्रसिद्ध केलं. हिब्रूतल्या त्या पुस्तकाच्या नावातच पाण्यावरून झालेला कलह आणि पाण्यासाठी केलेलं काम असे दोन्ही शब्द आहेत. १८ जुलै १९८२ ला ते वारले.

भारतात ठिबक आलं १९७० च्या दशकात, आधी कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठात प्रयोगापुरतं. महाराष्ट्रात त्याने मूळ धरलं १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात. जळगावच्या जैन इरिगेशनने ते गावोगावी नेलं, सरकारने अनुदान दिलं, आणि द्राक्ष-डाळिंब-केळीवाल्यांनी ते उचलून धरलं. नेताफिम स्वतः १९९७ मध्ये भारतात आली. पुढे वारं उलटंही वाहिलं. २००७ मध्ये जैन इरिगेशनने नानदान या इस्रायली ठिबक कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. नेताफिमचा मोठा हिस्साही नंतर मेक्सिकोच्या कंपनीने घेतला, पण हात्झेरिमचा वाटा त्यात अजून आहे.

मग पाण्याचा प्रश्न सुटला का? इथे कंपन्यांच्या जाहिराती एक सांगतात आणि विहिरी दुसरंच. झाडामागे पाणी वाचतं, यात वाद नाही. पाटाने दिलेल्या पाण्यातलं निम्मं झाडाच्या कामी येत असेल तर नीट बसवलेल्या ठिबकमध्ये साधारण ९० टक्क्यांपर्यंत येतं. पण वाचलेलं पाणी विहिरीत राहतं का? शेतकऱ्याकडे दोन एकराचं पाणी होतं, ठिबकने ते चार एकराला पुरायला लागलं, तर तो चार एकर बाग लावतो. आपणही तेच केलं असतं. शिवाय पाटाने जे पाणी मुळांच्या खाली निघून जायचं, त्यातलं काही शेजाऱ्याच्या विहिरीत उगवायचं. तेही बंद होतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ मध्ये अनेक देशांतली उदाहरणं तपासून हेच दाखवलं की पाणीवापरावर मर्यादा नसेल तर आधुनिक सिंचनाने एकूण वापर कमी होत नाही, बहुतेकदा वाढतो.

ब्लास यांना हे कळत नसेल असं वाटत नाही. त्यांचं सगळं आयुष्य त्याच पाण्यात जास्त शेती, जास्त माणसं बसवण्यात गेलं होतं. ठिबककडेही त्यांनी बहुधा त्याच नजरेने पाहिलं असावं. पाणी जमिनीत साठवून ठेवायचं साधन असं त्याचं वर्णन नंतर इतरांनी केलं.

याचा फटका आपण २०१२-१३ च्या दुष्काळात पाहिला. मराठवाड्यात, विशेषतः जालना-औरंगाबाद पट्ट्यात, मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. त्यातल्या कित्येक बागांत ड्रीप होतं. नळ्या शाबूत, ड्रीपर शाबूत, फिल्टर शाबूत. खाली विहीर आणि बोअर कोरडे. ज्यांना परवडलं त्यांनी टँकरने पाणी विकत आणून त्याच नळ्यांतून झाडापुरतं सोडलं आणि काही बागा वाचवल्या. ज्यांना परवडलं नाही त्यांनी फांद्या छाटून झाडाची तहान कमी करून बघितली. आणि त्यानेही भागलं नाही तेव्हा झाडावर कुऱ्हाड चालवली, नळ्या गुंडाळून गोठ्यात ठेवल्या.